‘डेव्हऑप्स’मधील स्वायत्तता आणि साधेपणा
संगणकप्रणाली घडविणे व चालविणे ही कामे एकत्र आणणाऱ्या ‘डेव्हऑप्स’ पद्धतीत ‘गट स्वायत्त, तर प्रणाली साधी’ असे समीकरण गृहीत धरले जाते. संस्थेतील संज्ञापनाची घडणच तिच्या प्रणालीत उतरते, हे मेल्विन कॉनवे यांचे १९६८ मधील प्रतिपादन आणि घडविणाऱ्यांनीच प्रणाली चालवावी, हे ॲमेझॉनच्या वर्नर व्होगल्स यांचे २००६ मधील सूत्र, हे त्याचे आधार होत. तथापि, गट स्वतंत्र झाल्याने क्लिष्टता लोपत नाही. ती घटकांच्या सांध्यांत जाऊन बसते. तेथे बिघाड झाला आणि प्रत्येक गटाच्या नोंदींची परिभाषा निराळी असली, म्हणजे दोषाचा माग काढणे दुष्कर होते. बोली भिन्न असूनही व्यवहार चालतो, तो समान संकेतांमुळे. तद्वत परस्परसंपर्काचे संकेत मोजके व सामायिक असणे, ही स्वायत्ततेवरील मर्यादा नसून तिची पूर्वअट होय.