गोधड्यांच्या प्रदर्शनाविषयी थोडेसे स्पष्ट

हनुक्काच्या आठवड्यात आमच्या मोअदोनमध्ये गोधड्यांचे प्रदर्शन भरले होते. शिवणाच्या खुगमधील भगिनींनी ते भरवले. चारही भिंतींवर मिळून 21 नग. त्यांत 9 जुन्या गोधड्या, घराघरांतून मागून आणलेल्या, आणि बाकीचे खुगमध्ये वर्षभरात शिवलेले नवे पॅचवर्क. मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा उद्घाटनाच्या गर्दीत, दुसऱ्यांदा सकाळी एकटी, जवळचा चष्मा घेऊन. कौतुक सर्वांनी केलेच आहे आणि ते योग्य आहे. पण आपल्या अंकात नुसते आभार छापून आले तर ज्यांनी मेहनत घेतली त्यांना त्याचा काय उपयोग? म्हणून चार शब्द लिहिते. कोणी राग मानू नये.

आधी नव्या कामाविषयी. त्यातले सर्वांत चांगले, माझ्या मते, 'लॉग केबिन' नावाचे अमेरिकन धाटणीचे पांघरूण. मधे लाल चौकोन आणि त्याभोवती एकामागून एक पट्ट्या, एका बाजूला उजळ रंग, दुसऱ्या बाजूला गडद. ही रचना पुस्तकातली असली तरी रंग पुस्तकातले नाहीत. आंब्याचा पिवळा, वांगी रंग, शेवाळी हिरवा. असे रंग शेजारी शेजारी ठेवायला डोळा लागतो आणि तो त्या बाईंना आहे. पट्ट्यांचे कोपरे सुतासारखे जुळलेत. आपल्या आयांच्या गोधडीत असे कोपरे कधी जुळले नाहीत, हे कबूल करायला हवे.

मागेन दावीद काढलेले निळे-पांढरे काम सर्वांच्या फोटोंत आले आहे, पण त्याची टोके नीट बसलेली नाहीत. त्रिकोण कापताना एक तरी बाजू उरेप येते, आणि उरेप कापड मशीनखाली ताणते. आधी कच्चा टाका घालून घेतला असता तर ताऱ्याचे वरचे टोक असे वाकडे झाले नसते. बाळाची दुपटी आणि कुंच्या छानच होत्या, त्यांविषयी अधिक लिहीत नाही.

माझी खरी तक्रार नव्या कामांच्या आतल्या गोष्टीविषयी आहे. दुकानातून नवे कापड आणायचे, कापून त्याचे तुकडे करायचे, ते पुन्हा जोडायचे, आणि आत पॉलिएस्टरचा तयार थर घालायचा. हे पॅचवर्क आहे, सुंदर आहे, पण त्याच्याखाली 'गोधडी' अशी पाटी लावू नये. गोधडीत वर जे दिसते ते थोडे असते. कोकणात आमच्या घरी उन्हाळ्यात ओटीवर चटई अंथरली जायची, तिच्यावर जुनी धोतरे, चादरी, विरलेली लुगडी एकावर एक पसरायची, कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, हाताशी येईल ते वजन ठेवायचे. सर्वांत वर आणि सर्वांत खाली त्यातल्या त्यात धड असलेले लुगडे. मग दोघी-तिघी कडेने बसून धावदोरा घालीत घालीत मध्याकडे सरकायच्या. बोलणे चालू, हात चालू.

खुगच्या शिक्षिकाबाई जुन्या गोधड्या दाखवताना म्हणाल्या की टाक्यांच्या ओळींमधे कापड चुरगळले आहे, हा दोष आहे, कारण शिवण मध्यापासून कडेकडे जायला हवी. पुस्तकात तसेच आहे आणि विकायच्या रजईला तेच योग्य. पण कडेकडून आत येणाऱ्या हाताने कापड जरा जरा पुढे लोटले जाते, दोरा किंचित ओढला जातो, आणि त्या बारीक लाटा उठतात. गोधडीचा मऊपणा त्या लाटांत आहे. पेणकडील एका घरातून आलेली इरकली लुगड्याची गोधडी पाहा. बोटाच्या एका पेरात पाच-सहा टाके आहेत, आणि लुगड्याचे काठ काढून चारही बाजूंनी चौकटीसारखे लावले आहेत. जी बाई असा टाका घालते तिला सपाट शिवता आले नसते असे कोणी म्हणू नये.

आता टांगण्याविषयी. उद्घाटनाच्या भाषणात अमेरिकेतील जीज बेंड या गावाचा दाखला दिला गेला. अलाबामा राज्यातील त्या गावातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांपासून शिवलेली पांघरुणे 2002 साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतींवर लागली, 2006 साली त्यांची टपाल तिकिटेही निघाली. दाखला चांगला आहे. भिंतीवर लावले म्हणून जगाने पाहिले, हे खरे. पण तिथे कोणते पांघरूण कोणत्या बाईने शिवले हेही लोकांना कळले. आमच्याकडे नऊच्या नऊ जुन्या गोधड्यांखाली एकच मजकूर छापलेला होता: 'अवोदत याद, होदू'. हाताचे काम, भारत. बस्स. नाव नाही, गाव नाही, साल नाही.

आणि त्यातली एक तर भारतात शिवलेलीच नाही.

ती चहाच्या टेबलाजवळ, दाराच्या मागे लावली होती. बहुतेक सर्वांत कुरूप वाटली म्हणून. रंग उडालेला, टाके मोठे मोठे, वजन एवढे की वरचे दोन खिळे वाकले होते. मला त्या टाक्यांचे नवल वाटले, कारण कडेला ते बारीक होते आणि आत जाता जाता लांब होत गेले होते. हात थकला म्हणावे तर सगळीकडे सारखाच लांब कसा? एक कोपरा फाटलेला होता, तिथे बोट घालून पाहिले. आत लोकर लागली. ज्यांची ती गोधडी त्या बाईंना मी फोन केला, तेव्हा कळले की त्यांच्या सासूबाईंनी ती दिमोनात शिवली. वर नऊवारी, खाली 'कितान' गिरणीतल्या चादरीचे तुकडे जोडून केलेले अस्तर, आणि मधे सोखनूतने दिलेले करडे ब्लँकेट. कडेपर्यंत ब्लँकेट पुरले नाही, म्हणून कडेचे टाके बारीक. जाड लोकरीतून सुई निघेना, अंगुस्तान मोडले, म्हणून मधले टाके लांब. सासूबाईंनी शेजाऱ्यांकडून दोनदा खात्री करून घेतली होती म्हणे की चादरीत लिनन नाही ना, कारण लोकर आणि लिनन एकत्र शिवले तर शाआतनेझ.

म्हणजे आलियाची पहिली वर्षे त्या एका पांघरुणात थरावर थर घालून ठेवलेली आहेत, आणि कार्डावर लिहिले आहे 'होदू'. आपल्या नातवंडांनी ते कार्ड वाचले तर त्यांना वाटेल, सावता भारतात असताना शिवत होती आणि इथे आल्यावर थांबली. थांबली नव्हती. दिवसा पाळी करून रात्री शिवत होती.

हे मी लिहिते ते मोठा अधिकार आहे म्हणून नाही. आम्ही 1964 साली आलो तेव्हा आईने दोन गोधड्या बोजात बांधून आणल्या होत्या. पुढे घरात पूख आले, हलके, उबदार, धुवायला सोपे. एक गोधडी कुत्र्याखाली गेली. दुसरी घर बदलताना मीच कचऱ्याच्या पेटीपाशी ठेवली, कोणाला हवी तर नेईल म्हणून. तिच्यात काय काय होते ते आईला मी कधी विचारले नाही.

म्हणूनच खिडकीजवळची ती काचेची चौकट पाहून मला राहवले नाही. हातभर लांबीचा तुकडा, सुंदर काठ, सोनेरी फ्रेम. उरलेली गोधडी कुठे आहे म्हणून विचारले तर तरुण मुलगी अगदी सरळपणे म्हणाली, बाकीची खराब होती, टाकून दिली. तिचा हेतू वाईट नव्हता. पण कापलेल्या कडेला, काचेतूनही, सहा थर मोजता येत होते आणि सहावा पिवळसर रेशमाचा होता. कोणाच्या तरी लग्नाचे असेल. ते आता सांगणार कोण?

खुगमधील भगिनींशी मी या सर्व गोष्टी बोलले आणि त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या, हे त्यांच्या मनाचा मोठेपणा. पेसाहनंतर पुन्हा प्रदर्शन करायचे ठरते आहे. या वेळी जुन्या गोधड्या भिंतीवर न लावता दोन खाटांवर ठेवणार आहेत, म्हणजे लोकांना हात लावता येईल, कोपरा उलटून पाहता येईल. ज्यांच्या घरी असेल त्यांनी एक चिठ्ठी टाचून आणावी, मराठीत किंवा इव्रितमध्ये: कोणी शिवली, कुठे, आत काय आहे. आठवत नसेल तर मोठ्या बहिणीला किंवा भावजयीला फोन करावा, आजच करावा. आणि कृपा करून गोधडी धुऊन आणू नये. वाळायला दोन दिवस लागतात, आणि जुना दोरा एका धुण्यात सुटतो.