सूक्ष्म वित्तपुरवठा आणि स्त्री-सक्षमीकरण : निकषांची चिकित्सा

स्वयंसहाय्यता बचत गटांवरील आपल्याकडील बरेचसे संशोधनपर लेखन ठरावीक वाटेने जाते. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांपासून आरंभलेल्या बँक-जोडणी प्रकल्पाचा इतिहास येतो, गटांची व कर्जांची कोष्टके येतात आणि परतफेडीचे प्रमाण उत्तम असल्याने महिलांचे सक्षमीकरण झाले, असा निष्कर्ष निघतो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या शेवटच्या पायरीवर आहे. परतफेड हा कर्जव्यवहारातील शिस्तीचा पुरावा होय; ती शिस्त कोणाच्या श्रमातून आणि कोणत्या दडपणाखाली आली, हे तो आकडा सांगत नाही.

या संदर्भात बांगलादेशातील वाद उद्बोधक ठरतो. अ‍ॅन मरी गोट्झ व रीना सेन गुप्ता यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की अभ्यासलेल्या सुमारे ६३ टक्के कर्जांवर कर्जदार स्त्रीचे नियंत्रण अंशतः, नाममात्र किंवा मुळीच नव्हते. पैसा पुरुषाने वापरावा आणि हप्त्याचे उत्तरदायित्व स्त्रीने वाहावे, असा हा व्यवहार. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात हाश्मी, शूलर व रायली यांनी संचारस्वातंत्र्य, खरेदीची क्षमता, कौटुंबिक निर्णयांतील सहभाग, कायदेविषयक जाणीव इत्यादी निकषांवर कर्जकार्यक्रमांना अनुकूल निष्कर्ष मांडला. नायला कबीर यांनी २००१ मध्ये या मतभेदाचे मूळ सत्तासंबंधांविषयीच्या गृहीतकांत शोधले. पतीच्या सल्ल्याने कर्ज वापरणे अभ्यासकाला परावलंबन वाटेल; खुद्द त्या स्त्रीला मात्र घरात पैसा आणणारी म्हणून लाभलेले स्थान मोलाचे वाटू शकते. कबीर यांचे म्हणणे ग्राह्य आहे. तथापि त्याचा आधार घेऊन प्रत्येक ‘संयुक्त निर्णय’ सक्षमीकरणाच्या खात्यावर जमा करणे घाईचे होईल. (आपल्या प्रश्नावल्यांत हेच सर्रास घडते.)

बॅनर्जी, डफ्लो व सहकाऱ्यांचा हैदराबादमधील १०४ वस्त्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ५२ वस्त्यांत आधी कर्ज उपलब्ध झाले. व्यवसायातील गुंतवणूक वाढली, पण स्त्रियांच्या निर्णयाधिकारात लक्षणीय फरक आढळला नाही.

मग कर्ज निरुपयोगी मानावे काय? तसे नव्हे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या स्त्रियांना ‘अन्नपूर्णा’मध्ये संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्या स्त्रियांचा व्यवसाय आधीपासूनच त्यांच्या हाती होता. उधारीवर धान्य देणाऱ्या वाण्याचा व सावकाराचा पाश तेवढा सैल करायचा होता. कर्ज व्यवसायामागून आले. आज अनेक ठिकाणी कर्ज आधी येते आणि व्यवसाय अर्जावरच राहतो. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये एकाच घरावर अनेक संस्थांची कर्जे साचून वसुलीचे संकट उभे राहिले, त्यामागील एक कारण हेही असावे.

म्हणूनच पीएच.डी.च्या प्रश्नावल्यांत ‘निर्णयात सहभाग आहे काय : होय/नाही’ याऐवजी हप्ता कोणाच्या मजुरीतून गेला, हप्ता चुकला तेव्हा काय विकले, खात्यातून पैसे काढायला बँकेत कोण गेले आणि बैठकीच्या दिवशी घरचा स्वयंपाक कोणी केला, हे विचारले गेले पाहिजे.