भिंतीवरचं शेवाळ

वास्कोतल्या एका जुन्या हॉटेलचं अंतरंग नुकतंच बदललंय. ‘निसर्गप्रेरित सजावट’ म्हणून त्याचं कौतुक चाललंय. एका लग्नाच्या निमित्ताने तिथे दोन दिवस राहणं झालं, म्हणून हे चार शब्द. हॉटेलचं नाव सांगत नाही, कारण अशी सजावट आता गावोगावी दिसते.

आधी चांगलं ते सांगते. जुनी मोझॅकची फरशी उखडली नाही, घासून-पॉलिश करून तीच ठेवली. वेताच्या खुर्च्या टाकून न देता पुन्हा विणून घेतल्या. नवं काही ओरबाडावं लागलं नाही. मला तरी सगळ्या कामातली खरी निसर्गप्रेरणा एवढीच वाटली.

स्वागतकक्षातली हिरवी भिंत मात्र पटली नाही. ‘पाणी नको, ऊन नको!’ असं मोठ्या अभिमानाने सांगतात. लागेल कसं? अशा भिंतींवर बहुधा खरंच शेवाळ असतं, पण ग्लिसरीनमध्ये मुरवलेलं, रंगवलेलं, निर्जीव. चातुर्मासात साध्वीजी शेवाळावर पाऊल पडू नये म्हणून वाट वाकडी करतात. त्यात जीव आहे हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. तेच सुकवून शोभेला लावायचं आणि वर त्याला निसर्गप्रेम म्हणायचं?

खोलीत पलंगामागे केळीच्या पानांचा वॉलपेपर. खिडकीवर जाड पडदा, आणि तो सारला तर बाहेर खराखुरा माड उभा! रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या २३ रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या २३ जणांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. हे काम खिडकीबाहेरच्या झाडांनी केलं होतं.

वास्कोत खिडकी उघडायची कशी, असं कुणी म्हणेल. खरं आहे. बंदरातल्या कोळशाच्या धुळीविरुद्ध इथले लोक वर्षानुवर्षं बोलतायत. मग काच बंद ठेवा, पण पडदा सारा, पलंगाचं तोंड माडाकडे करा. हिरव्या भिंतीचं मला भय वाटतं ते याचसाठी. आत इतकं हिरवं असलं की बाहेरच्या हवेबद्दल विचारायचं राहूनच जातं.

गोव्याच्या जुन्या घरांत काचेऐवजी पातळ शिंपल्यांच्या खिडक्या असत. उजेड आत येई, झळ नाही. तो शिंपला वास्कोशेजारच्या चिखलीच्या खाडीत आजही जगतो, आणि कायद्याने संरक्षित आहे. तेव्हा शिंपले नकोतच. दुधी काच लावा. घ्यायची ती युक्ती.

झुआरीच्या मुखापलीकडे, दोनापावलाजवळ चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उभारलेलं ‘सिदाद दी गोवा’ आहे. तिथेही भिंतींवर खोट्या खिडक्या, खोटी दारं रंगवलेली आहेत. पण त्या गमतीच्या शेजारी खरी अंगणं आणि खरा समुद्र आहे. चित्राला माझी हरकत नाही. त्याने खिडकीची जागा घेऊ नये, एवढंच.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी घराची रंगरंगोटी काढतात तेव्हा असेच नमुने दाखवले जातात. नमुना बघण्याआधी एक करा. सकाळी आठला खोलीत उभं राहून ऊन कुठून येतं ते पाहा, आणि तिथलं कपाट आधी हलवा.