बातमीदाराची साक्ष

ग्वाल्हेरच्या मराठी वाचकाची रहस्यकथेची भूक दोन भाषांवर भागत आली आहे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार त्यास मराठीतून भेटला. ‘ब्लास्ट’ पत्राचा बातमीदार सुनील मात्र हिंदीतून. सुरेंद्र मोहन पाठक यांनी १९६३ साली पुढे आणलेला हा नायक शंभरांहून अधिक कादंबऱ्यांत वावरला. या जातीच्या नायकांचा वडीलधारा म्हणजे गास्ताँ लरू यांच्या ‘पिवळ्या खोलीचे रहस्य’ या १९०७ सालच्या फ्रेंच कादंबरीतील अठरा वर्षांचा बातमीदार रूलताबी. लरू स्वतः कायदा शिकलेले आणि न्यायालयांच्या बातम्या देत कादंबरीकडे वळलेले. म्हणून ही कादंबरी आम्ही वकिलाच्या नजरेने वाचली.

आतून बंद असलेल्या खोलीत मातिल्द स्टँगर्सनवर प्राणघातक हल्ला होतो. दार फोडून पाहतात तो हल्लेखोर नाही! गुप्त दरवाजा वा भुयार यांचा आधार न घेता लरू हे कोडे सोडवतात. आधी तर्काचे कुंपण घालून त्यात बसेल तेवढाच पुरावा स्वीकारणारा हा पोरगेला बातमीदार अनुभवी पोलीस शोधकाशी स्पर्धा करतो, ती चुरस मोठी वाचनीय आहे.

आम्हांस खटकते ती अखेर. निरपराध्यावर खटला चालू असता रूलताबी न्यायालयात येतो. पण खऱ्या गुन्हेगाराचे नाव सायंकाळी साडेसहापूर्वी सांगण्यास नकार देतो. तेवढ्या अवधीत गुन्हेगार पसार होतो. एका स्त्रीचे गुपित राखण्याचा त्याचा हेतू माणुसकीचा खरा. परंतु हा निवाडा करण्याचा अधिकार त्यास कोणी दिला?

आपल्याकडे हा प्रश्न अधिकच टोचतो. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. बातमीदारास हा निर्बंध लागू नाही. त्याच्यापुढे स्वेच्छेने दिलेली कबुली न्यायालयासमोर येऊ शकते. मात्र दुबळा पुरावा समजून न्यायाधीश ती कसून पारखतात. एवढ्यापुरता तो पोलिसाहून बलवान ठरतो. म्हणूनच त्याने पिंजऱ्यात उभे राहून शपथेवर बोलावे आणि उलटतपासणी सोसावी, अशी आमची अपेक्षा.

रूलताबीने निरपराध्यास सोडवले, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत. तथापि बातमीदार-नायक रंगवू पाहणाऱ्या मराठी लेखकाने ही कादंबरी अवश्य वाचावी, आणि आपल्या नायकाची कथा गुन्हेगाराच्या कबुलीपाशी न संपवता साक्षीदाराच्या पिंजऱ्यापर्यंत न्यावी.