वक्ता आणि ध्वनिक्षेपक

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधील एका मराठी व्याख्यानास आम्ही नुकतेच गेलों होतों. महायुद्धांतील लष्करी छावणींत १९४७ नंतर सिंधी निर्वासितांनीं वसविलेलें हें गांव. त्यामुळें अर्ध्या श्रोत्यांची मराठी कामापुरतीच. अशा सभेंत शब्दांआधीं स्वर आणि मुद्रा पोहोंचतात. वक्तेमहाशय मात्र कागदांत मान घालून तासभर टिपेच्या सुरांतच वाचीत होते! विषय उत्तम, भाषाहि शुद्ध. पण मान एकदांहि वर झाली नाहीं.

दूरच्यास हांक मारतांना शिर, मध्यम अंतरावर कंठ आणि जवळच्याशीं बोलतांना उर, अशीं स्वराचीं तीन स्थानें भरतानें नाट्यशास्त्रांत सांगितलीं आहेत. ध्वनिक्षेपकानें शेवटची रांग जवळ आणली. आतां उरांतला स्वर पुरे.

वक्तृत्व म्हणजे नाटक नव्हे, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. शिवरामपंत परांजप्यांचें माधुर्य टिळकांच्या भाषणांत नव्हतें, तरी सभा तुडुंब भरत. खरेंच, पण अलंकार नसणें निराळें आणि श्रोत्यांकडे न पाहणें निराळें.

सभा संपल्यावर शेजारच्या वृद्ध सिंधी गृहस्थांनीं हळूच विचारलें, "साहेब आमच्यावर रागावले होते काय?"