न झालेल्या मतदानाची गोष्ट

दिवाळीच्या फराळाबरोबर न्यायाधीशांच्या नेमणुकीचा विषय काढणे म्हणजे चकलीच्या ताटात कारल्याची भाजी वाढणे होय, हे मला कळते. पण एका जुन्या अमेरिकन कादंबरीवरून माझा भाचीशी जो वाद झाला, तो अजून मनातून जात नाही. घरातले वाद वाचकांपुढे मांडू नयेत म्हणतात. हा मांडतो, कारण त्यात हरलो मीच.

कादंबरी अ‍ॅलन ड्रुरी यांची, नाव ‘अ‍ॅडव्हाइज अँड कन्सेंट’. 1959 साली ती निघाली, 1960 मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि 1962 मध्ये ऑटो प्रेमिंजरने तिच्यावर चित्रपट काढला. नाव अमेरिकेच्या राज्यघटनेतून आले आहे : राष्ट्राध्यक्षाने मोठ्या पदांवर माणसे नेमावीत, पण ती सेनेटच्या सल्ल्याने आणि संमतीने. परराष्ट्रमंत्री असो वा सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश, उंबरठा हाच.

ड्रुरींच्या कथेत लेफिंगवेल नावाचा एक गृहस्थ परराष्ट्रमंत्रिपदासाठी सुचवला जातो, आणि सीब कूली हा म्हातारा सेनेटर जुन्या अपमानाचा सूड म्हणून त्याच्या वाटेत आडवा पडतो. ब्रिगम अँडरसन हा तरुण सेनेटर चौकशीत लेफिंगवेलचे खोटे पकडतो. तेव्हा युद्धकाळात एका पुरुषावर जडलेल्या त्याच्या प्रेमाचे जुने पान उकरून त्याला धमकावले जाते, आणि तो जीव देतो. सहाशेंहून अधिक पानांचा हा पसारा आहे. पात्रे भाषणे फार करतात, लेखकाचा कल उघड दिसतो, आणि रशियाची भीती पानापानाला डोकावते. तरीही मी तो दोनदा वाचला. ड्रुरी वार्ताहर म्हणून सेनेटच्या सज्जात बसलेले होते. कोण कुणाच्या खांद्यावर हात ठेवून कोपऱ्यात नेतो आणि परत येताना कुणाचा चेहरा उतरलेला असतो, हे त्यांना दिसत होते. चित्रपटात कूलीचे काम चार्ल्स लॉटनने केले. ती त्याची शेवटची भूमिका. हा म्हातारा दुष्ट आहे की नुसता दुखावलेला, याचा निकाल तो अखेरपर्यंत लागू देत नाही.

माझे म्हणणे असे होते की, ही कादंबरी आता शिळी झाली. तिच्यातला अडथळा व्यक्तीचा आहे, पक्षाचा नाही. कूली आणि अँडरसन हे राष्ट्राध्यक्षाच्याच पक्षाचे! आज असे कुठे घडते? 13 फेब्रुवारी 2016 रोजी न्यायमूर्ती स्कॅलिया वारले. याच स्कॅलियांना 1986 साली सेनेटने 98 विरुद्ध 0 मतांनी संमती दिली होती. त्यांच्या निधनानंतर काही तासांतच बहुमतातल्या पक्षाचे नेते मॅकॉनेल यांनी जाहीर केले की, ही जागा नवा राष्ट्राध्यक्ष येईपर्यंत भरू नये. ओबामांनी 16 मार्चला मेरिक गार्लंड यांचे नाव पाठवले. सुनावणी नाही, मतदान नाही, नकारसुद्धा नाही. 293 दिवसांनी ते नाव आपोआप गळून पडले. आणि 2020 मध्ये निवडणूक आठ दिवसांवर असताना त्याच मॅकॉनेल यांच्या सेनेटने बॅरेट यांना 52 विरुद्ध 48 मतांनी बसवले. ड्रुरींचे खलनायक निदान सभागृहात येऊन तोंड उघडतात, असे मी जरा आवाज चढवूनच म्हणालो.

भाची बरीच वर्षे न्यू जर्सीत आहे; सुट्टीसाठी आली होती. ती शांतपणे शेंगा सोलत म्हणाली, “मामा, एस्ट्राडांचं नाव ऐकलंयस?”

मी ऐकले नव्हते. बुश यांनी 2001 साली मिगेल एस्ट्राडा यांना वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयासाठी सुचवले. पुढे गार्लंड ज्याचे मुख्य न्यायाधीश होते, तेच न्यायालय. डेमोक्रॅट सेनेटरांनी चर्चा संपूच दिली नाही, आणि 2003 मध्ये त्यांनी स्वतःच नाव मागे घेतले. “त्यांनाही होय-नाही असं मत मिळालं नाही,” ती म्हणाली. “तुला तेव्हा राग आला होता का?”

आला नव्हता. खरे सांगायचे तर ती बातमीच मी वाचली नव्हती. 1987 साली बोर्क 42 विरुद्ध 58 मतांनी पडले तेव्हा मात्र मी खुशीत होतो, हे तिच्या आईला पक्के आठवत होते, आणि आतून तिने ते ओरडून सांगितलेही. मी म्हटले, बोर्कना निदान मत तरी मिळाले. सुनावणी झाली, देशाने त्यांना ऐकले, मग नाकारले. हा फरक मी आजही सोडत नाही. पण तो मला सुचला तो अडचणीत सापडल्यावर, हेही खरे. शिवाय 2013 मध्ये खालच्या न्यायालयांपुरता चर्चेचा अडसर डेमोक्रॅटांनी काढला आणि 2017 मध्ये रिपब्लिकनांनी तो सर्वोच्च न्यायालयापुरताही काढला, यांतले दुसरे मला तारखेसकट पाठ होते आणि पहिले पुसट.

यानंतर कादंबरी मला निराळी दिसू लागली. ड्रुरींच्या पक्षपातावर मी समासात पेन्सिलीने टीपा केल्या होत्या; त्या आता वाचवत नाहीत. ज्या पानांवर लेखक माझ्या बाजूने झुकतो, तिथे एकही टीप नाही.

कादंबरीत लेफिंगवेल मोठ्या मताधिक्याने पडतो. प्रेमिंजरने तिथे बरोबरी करून टाकली. निर्णायक मत उपराष्ट्राध्यक्षाचे, आणि नेमक्या त्याच क्षणी राष्ट्राध्यक्ष वारल्याची चिठ्ठी त्याच्या हाती पडते. तो बरोबरी फोडत नाही. नाट्य म्हणून हे जरा सोयीचे आहे, आणि मला ते कधीच फारसे पटले नाही. त्या रात्री जेवणानंतर भाचीने चित्रपट लावला. मुले झोपली होती. एकेक सेनेटरचे नाव पुकारले जात होते, होय, नाही, होय. आणि मला शेवट ठाऊक असूनही मी मते बोटांवर मोजत होतो. मधेच पाहिले, तर तीही मोजत होती.