मणका खरोखर ‘सरकतो’ का?

वसई-विरार पट्ट्यात पाठदुखीची उणीव नाही. विरारहून चर्चगेटपर्यंतचे सुमारे साठ किलोमीटर गर्दीत उभ्याने जाणारे नोकरदार आहेत, फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीने दादर गाठणाऱ्या बायका आहेत आणि तासन्‌तास फळ्यासमोर उभे राहणारे शिक्षकही आहेत. कमरेत उसण भरली की पूर्वी गावात पायाळू माणूस शोधत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने कमरेला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत. हाड निखळले तर हाडवैद्य. आता त्यांच्या जोडीला ‘कायरोप्रॅक्टिक’ हा शब्द आला आहे. मोबाईलवरच्या चित्रफितींत रोग्याची मान एका झटक्यात वळवली जाते, ‘कडाड’ असा आवाज येतो (तो ठळक ऐकू यावा म्हणून ध्वनिग्राहकही लावलेला असतो) आणि रोगी हसत उठून बसतो. मुले हे पाहतात आणि वर्गात विचारतात. त्यांना नुसते ‘थोतांड’ म्हणून उत्तर देणे सोपे आहे, पण ते पुरते खरे नाही.

या पद्धतीचा जन्म १८९५ सालचा, अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावचा. डॅनियल डेव्हिड पामर हे गृहस्थ त्याआधी ‘चुंबकीय उपचार’ करीत. हार्वे लिलार्ड या कमी ऐकू येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीतला एक मणका आपण दाबून जागेवर बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असे पामर यांनी सांगितले. त्यावरून त्यांनी सिद्धांत मांडला की, मणके किंचित सरकल्याने मज्जातंतू दबतात आणि बहुतेक सर्व रोग त्यातूनच होतात. आता जीवशास्त्राच्या पुस्तकातली आकृती काढून पाहा. कानाकडून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू कवटीच्या आतच राहतो, पाठीच्या कण्यातून तो जातच नाही. म्हणजे पहिल्याच उदाहरणात सिद्धांताचा पाया डळमळतो.

येल विद्यापीठातील शरीररचनाशास्त्रज्ञ एडमंड क्रेलिन यांनी १९७३ मध्ये या कल्पनेची सरळ परीक्षा घेतली. मृतदेहांतील सहा पाठकणे यंत्रात बसवून त्यांनी मणक्यांवर जोर वाढवत नेला. सांधे तुटायची वेळ आली, तरी सरकलेल्या मणक्याने मज्जातंतू दाबला जात नव्हता. चकती फुगून तंतू दबणे ही गोष्ट वेगळी. ती खरी आहे आणि छायाचित्रणात दिसते. पण आपण सहज म्हणतो तसा ‘मणका सरकला’ आणि हाताने ‘बसवला’, असे सहसा घडत नाही. आजचे अनेक कायरोप्रॅक्टरही पामर यांचा सिद्धांत मानत नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

मग तो आवाज कशाचा? सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला की आतला दाब घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने बोटांचे सांधे मोडताना चुंबकीय अनुनादाने चित्रे घेतली आणि २०१५ मध्ये ती पोकळी दाखवली. आवाज पोकळी होताना येतो की ती कोसळताना, यावर अजून वाद आहे. बोटे मोडणाऱ्या विद्यार्थ्याला तेच बोट लगेच पुन्हा मोडायला सांगा. आवाज येणार नाही. साधारण वीस मिनिटे थांबावे लागेल. हाड जागेवर बसल्याचा हा आवाज असता, तर ते दिवसातून दहा वेळा निखळते असे म्हणावे लागेल!

पण सिद्धांत चुकीचा म्हणून उपचार निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे हेही अवैज्ञानिकच. तो प्रश्न स्वतंत्रपणे तपासावा लागतो आणि तो तपासलाही गेला आहे. जुनाट कंबरदुखीवरील ४७ चाचण्यांचा, ९,२११ रुग्णांचा आढावा २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मणक्यांना हाताने हालचाल देण्याचा उपयोग व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपचारांइतकाच होतो, असे त्यात दिसले. त्याहून जास्त नाही, कमीही नाही. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत असा उपचार व्यायामाच्या जोडीनेच करावा, असे म्हटले आहे. म्हणजे साध्या कंबरदुखीच्या प्रौढ माणसाला याचा थोडा फायदा होऊ शकतो. पायाळूकडे जाणाऱ्यांनाही बरे वाटत असेच. उसण बहुधा काही दिवसांत वा आठवड्यांत आपोआप उतरते आणि माणूस उपचाराला जातो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर. पाय न लावलेल्यांची उसण किती दिवसांत गेली, हे मोजल्याशिवाय पायाचे श्रेय ठरत नाही. गावात ते कुणी मोजले नाही. वरच्या चाचण्यांत तुलनेचा गट होता, एवढाच काय तो फरक, पण तो फार मोठा आहे.

कंबरेपलीकडचे दावे मात्र टिकत नाहीत. तान्ह्या बाळाचे पोटदुखीने रडणे, कानाचा संसर्ग, दमा यांवर गुण येतो, असा प्रचार ब्रिटनमधील कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने केला होता. त्यावर सायमन सिंग या विज्ञानलेखकाने २००८ मध्ये टीका केली, तेव्हा संघटनेने पुरावा पुढे ठेवण्याऐवजी बदनामीचा खटला भरला. २०१० मध्ये तो मागे घ्यावा लागला. पुढे ब्रिटनचा बदनामीविषयक कायदा २०१३ मध्ये सुधारला गेला, त्यामागे या खटल्याचाही हात होता.

मानेला दिलेल्या झटक्याबद्दल आम्ही अधिक कडक आहोत. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात. तिथे धमनीचे आतले अस्तर फाटले तर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. असे क्वचित घडते. काही रुग्णांची धमनी आधीच फाटू लागलेली असते आणि त्याच दुखण्यासाठी ते उपचाराला येतात, त्यामुळे किती दोष झटक्याचा हे ठरवणे अवघड जाते. परंतु लाभ अल्प आणि इजा जन्मभराची असेल, तर मान कुणाच्या हाती देऊ नये.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे, तो परदेशी पुस्तकांत क्वचित सापडतो. पाठदुखीमागे मणक्याचा क्षयरोग असू शकतो. बारीक ताप, वजन घटणे, रात्री झोपमोड करणारे दुखणे ही त्याची लक्षणे. क्षयाने पोखरलेल्या किंवा उतारवयात ठिसूळ झालेल्या मणक्याला झटका देणे म्हणजे तो मोडणे. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटी लावणाऱ्याने काय शिकले आहे हे रुग्णानेच विचारावे लागते. भौतिकोपचार करणाऱ्यांची महाराष्ट्रात परिषद आहे, त्यांचा नोंदणी क्रमांक मागता येतो. आणि कंबरदुखीबरोबर पायात बळ राहिले नाही, बैठकीचा भाग बधिर झाला किंवा लघवी अडली, तर पायाळू, हाडवैद्य, कायरोप्रॅक्टर यांपैकी कुणाकडेही न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.